तुमचं गाणं मी मध्येच बंद केलं

किसनभाऊ, एकदा तरी तुम्ही मला दरडावायला हवं होतं. 'बाई, तोंड बंद ठेवा अन् आयका,' एवढं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? सहा हिवाळे आपण त्या बंद पडलेल्या छोट्या लाइनीवर हिंडलो. गवतातून, रायमुनियाच्या झुडपांतून, कुठे गुडघाभर मातीतून. आणि सहा हिवाळ्यांत मी मध्ये बोलले की तुम्ही गप्प. इतकी कसली अदब हो? तुम्ही गँगमन आणि मी स्टेशनमास्तरची मुलगी हे खरं, पण तो जमाना केव्हाच आटोपला. मास्तर गेले, स्टेशनाचं छप्पर गेलं, गाडी गेली. उरलो होतो आपण दोघं, एक साठी ओलांडलेली रिटायर बाई आणि एक ऐंशीला टेकलेला म्हातारा. त्यात कोण कुणाचं साहेब होतं?

तुम्हाला जाऊन आज तीन आठवडे झाले. लोक मला समजावतात, वय झालं होतं, सुटले. सुटले म्हणे! तुम्ही सुटलात, अडकले मी. रोज सकाळी चहा घेऊन बसते आणि तुमच्याशी भांडायला लागते. चहा थंड होतो. भांडण संपत नाही, कारण चूक माझी आहे आणि ती कबूल करून घ्यायला समोर तुम्ही नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला आपली लाईन माहीत नसेल म्हणून थोडं सांगते, तुम्ही हसू नका. हिवरखेडच्या पुढे काळी शेतं संपतात आणि सातपुड्याचा चढ लागतो. तिथून ती आत शिरायची. दोन रुळांमधली रुंदी अडीच फूट. मोठ्या गाडीवाले तिला खेळणं म्हणायचे. डोंगरातलं सागवान आणि बांबू खाली आणायला इंग्रजांच्या काळात ती टाकली, आणि पुढे कधीतरी माणसांसाठी मागे एक डबा जोडला. वरच्या स्टेशनावर विहीर होती पण पाणी गढूळ, म्हणून आमच्या क्वार्टरचं प्यायचं पाणीसुद्धा गाडीनं टाकीतून यायचं. गाडी चुकली की आई फडकं चार पदरी करून विहिरीचं पाणी गाळत बसायची आणि बाबांना बोलायची, जणू इंजिन त्यांनीच बिघडवलं. मग जंगलातली तोड कमी झाली, नंतर बंदच झाली. बांबू ट्रकनं जायला लागला. लाइनीकाठच्या वस्त्या उठवून खाली आणून बसवल्या, त्यामुळे डबाही रिकामा. एक दिवस स्टेशनावर कागद चिकटला की गाडी पुढील आदेशापर्यंत बंद. तो पुढील आदेश काही आला नाही.

मी चांदूर बाजारच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. रिटायर होऊन अकोल्याला राहायला आले, तेव्हा ठरवलं की आता आपल्या लाइनीचा इतिहास लिहायचा. कुणीच लिहिला नव्हता. हिवरखेडला येऊन विचारत सुटले की गँगमधलं कुणी आहे का, तर सगळ्यांनी तुमच्याच घराकडे बोट दाखवलं. तुम्ही अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मला पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणालात, "मास्तरची बेबी ना तुमी? ट्रॉलीवाली?"

बेबी! पन्नास-पंचावन्न वर्षांत मला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. मी तिथेच रडायला लागले, आणि तुम्ही घाबरून शांतावहिनींना पाणी आणायला सांगितलं.

ट्रॉलीची गोष्ट मला अर्धीच माहीत होती. सात वर्षांची असताना मला ताप चढला, उतरेना. पावसानं एका पुलाजवळची गिट्टी वाहून गेली होती, म्हणून गाडी बंद. बाबांनी मला घोंगडीत गुंडाळून ढकलट्रॉलीवर ठेवलं आणि खाली हिवरखेडच्या दवाखान्यात आणलं. बाबांची डायरी माझ्याकडे आहे. त्या दिवशी त्यांनी लिहिलंय, बेबीस ताप, ट्रॉलीने खाली नेले, दुपारी पोचलो. बस. जशी काही ट्रॉली आपोआप चालत गेली. ती ढकलणारे चार जण होते हे मला तुमच्याकडून कळलं. अनवाणी, ओल्या रुळावर पाय ठेवत पळत, पुलाशी आलं की ट्रॉली आणि मी दोन्ही खांद्यावर घेऊन पलीकडे, पुन्हा रुळावर, पुन्हा पळत. त्या चौघांत तुम्ही सगळ्यांत लहान. मी विचारलं, बाकीचे तिघं कोण? तुम्ही म्हणालात, लंब्या होता, मामा होता अन् टेंभरू.

मी म्हटलं, ही काय नावं झाली भाऊ? खरी नावं सांगा.

"खरी नावं गान्यात येतात, बाई."

मला वाटलं, म्हातारा विसरला आणि आता गोष्ट सारवून नेतोय. वहीत मी लंब्या, मामा, टेंभरू लिहिलं आणि घरी आल्यावर पेन्सिलनं कंस करून बाजूला लिहिलं, टोपणनावे, घेऊ नयेत. माझ्याच अक्षरात आहे ते. परवा खोडरबर घेऊन बसले होते. पुसून काय होणार आहे?

गाणं म्हणजे काय हे तुम्ही मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. रूळ जड. आठ माणसांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून एकाच क्षणी जोर लावला तरच तो हलतो, एक जण जरी मागेपुढे झाला तर कुणाचा तरी पाय जातो. म्हणून मुकादम गाणं म्हणायचा. तो एकेकाचं नाव घेई, बापाच्या नावासकट, आणि सगळे 'हैस्सा' म्हणून जोर लावत. कामावर एकमेकांना हाका टोपणनावानंच, पण गाण्यात मात्र पूर्ण नाव, फलाणा वल्द फलाणा. ही रीत तुमच्या आधीच्या मुकादमानं तुम्हाला दिली, त्याला त्याच्या आधीच्यानं, आणि शेवटची बरीच वर्षं तुम्हीच मुकादम होतात. हे सगळं मी नीट लिहून घेतलंय. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात 'कामगारांची गाणी' म्हणून एक पान ठेवलं होतं. गाण्याला एक पान पुष्कळ झालं असं मला वाटलं होतं.

किती चांगले दिवस होते हो ते. मी सकाळच्या एसटीनं यायचे, शांतावहिनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून द्यायच्या, आणि आपण निघायचो. तुम्हाला रूळ दिसायची गरज नव्हती, गवतात चालता चालता पायानंच कळायचं. तुम्ही सांगायचात, या पुलाखाली उन्हाळ्यात पाणी राहते, या वळणावर गाडीखाली बैल कापला होता, इथे साहेबाची टोपी उडाली अन् ती आणाले मी खाली उतरलो. एकदा समोरच्या झाडीत अस्वल खसफसलं. तुम्ही हळूच म्हणालात की अस्वलाला माणसाचा आवाज ऐकू यायला पाहिजे, बोलत राहा. मला काही सुचेना, मी नववीच्या इतिहासाचा धडा म्हणायला लागले, मुद्देसूद, कारणे आणि परिणाम. पंधरा मिनिटं झाली. शेवटी तुम्ही म्हणालात, आता बास करा बाई, अस्वल केव्हाच पास होऊन गेलं असंन. मी इतकी हसले की बसावं लागलं. नवरा गेल्यानंतर इतकं मी पहिल्यांदाच हसले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आणि तरीही आपलं भांडण होतंच, पहिल्या दिवसापासून. तुमचं म्हणणं, गँगचं प्रकरण आधी लिहा. माझं म्हणणं, आधी तारखा, नकाशे, हुकूम, इंजिनं, स्टेशनमास्तरांची यादी. गँगचं लिहायला कागद पाहिजे. हजेरीचं मस्टर सापडलं की एका दिवसात लिहिते. त्या मस्टरसाठी मी कुठे कुठे गेले नाही? एका जुन्या गोदामात पोत्यांत भरलेले रजिस्टरांचे गठ्ठे सापडले. दोन दिवस तोंडाला पदर बांधून उपसले. वरचे पुठ्ठे शाबूत, आत उधईनं माती केलेली. हातात घेतलं की भुगा. तुम्हाला फोन करून सांगितलं तर तुम्ही म्हणालात, जाऊ द्या, कागदाचं काय घेऊन बसल्या. मी चिडले. माझं आयुष्य कागदावर गेलं, भाऊ. पोरांना मी हेच शिकवलं, पुरावा नाही तर इतिहास नाही.

गेल्या संक्रांतीनंतर मी पुस्तकाची पानं घेऊन तुमच्याकडे आले. वाचून दाखवली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. बाबांचं नाव आलं की मान हलवत होता. वाचून झाल्यावर तुम्ही विचारलं, "अन् आमी कोठी हावो?" मी तुम्हाला ती ओळ दाखवली. या लाइनीच्या उभारणीत व देखभालीत अनेक कामगारांनी अपार कष्ट घेतले.

"अपार म्हंजे किती जन?"

 मी तेच म्हटलं, जे नेहमी म्हणायचे. मस्टर मिळू द्या.

"मस्टर तं मी म्हनतो थेच हाये, बाई."

मी म्हटलं, असं नसतं भाऊ. शिकवायच्या सुरात म्हटलं, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणतात तसं. तुम्ही उठलात आणि आत गेलात. वहिनींनी चहा आणला, तुमचा कप खाटेवर तसाच राहिला. मी एसटीत बसून घरी आले आणि तीन महिने फोन केला नाही. रुसले होते मी, या वयात. वाटलं, करतील तेच फोन. तुम्हालाही तसंच वाटलं असेल का? की वाटलं, बाईचं काम झालं, आता आपली गरज नाही? हे दुसरं माझ्या मनात आलं की मला जेवण जात नाही.

मग तुमच्या मुलाचाच फोन आला.

घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याच्या आदल्या दिवशी मुलानं मला सांगितलं की बाई, तुम्ही चार शब्द बोला, बाबा तुमच्याबद्दल फार सांगत. मी म्हटलं, चार शब्द मी काय बोलू, त्यांचाच आवाज ऐकवते. मोबाइलमध्ये तुमची किती तरी रेकॉर्डिंगं होती. ऐकायला बसले. पुलांचं होतं, इंजिनांचं होतं, बैलाचं होतं. आणि चार वेळा गाणं होतं. चार वेगवेगळ्या हिवाळ्यांतलं. मला आनंद झाला. वाटलं, एवढं तरी केलं मी.

पहिलं लावलं. गुडघ्यावर थाप मारल्याचा आवाज. मग तुमचा, चालीत, लांबवलेला. 'सोमा वल्द हिरू.' मग शांतता. मग माझा आवाज, 'बरं,' आणि रेकॉर्डिंग बंद.

दुसरं लावलं. थाप. सोमा वल्द हिरू. शांतता. 'बरं भाऊ, आता पुलाचं सांगा.' बंद.

तिसरं तेच. चौथं तेच.

मला आठवलं सगळं. तुम्ही एक ओळ म्हणून थांबायचात, मला वाटायचं पुढचं आठवत नाही बिचाऱ्यांना. म्हाताऱ्या माणसाला ओशाळं वाटू नये म्हणून मी घाईनं विषय बदलायचे. मोबाइलची जागा भरत आली की वाजतो, त्याचाही धाक होता. आणि मी थांबवलं की तुम्ही खरंच थांबायचात, मास्तरच्या मुलीच्या बोलण्यावर बोलायचं नाही म्हणून. एका रेकॉर्डिंगमध्ये तर गाण्याच्या आधी तुम्ही म्हटलेलं आहे, "साहेब म्हने गानं लै लंबं झालं, कमी करा. आता कमी कोनाले करू, बाई?" हे ऐकूनही मला काही कळलं नाही. मला वाटलं, साहेबाबद्दल कुरकुर करताहेत. इतकी वर्षं मुलांना उतारे वाचून अर्थ काढायला लावला मी.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. तुमच्या फोटोसमोर मेणबत्त्या, लोक जेवून गेले. सगळे पांगल्यावर मी शांतावहिनींजवळ बसले आणि त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. म्हटलं, वहिनी, पुढचं आठवत नव्हतं का त्यांना?

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून ते डोळे दिसतात. "त्यायले कायचं नाही आठवन? तिथी थांबाचंच असते. मेलेल्या मानसाच्या नावावर जोर नसते लावत. श्वास घ्याचा असते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गँगमधला माणूस मेला तरी त्याचं नाव गाण्यातून काढायचं नाही. जिवंताच्या नावावर हैस्सा, मेलेल्याच्या नावावर सगळ्यांनी गप्प राहून श्वास भरून घ्यायचा. त्यानंच जोर बरोबर बसतो, नाहीतर दम तुटतो. सोमा वल्द हिरू हा पहिलाच गडी, लाईन टाकतानाच पुलावरून पडून गेलेला, म्हणून गाणं त्याच्यापासून सुरू. म्हणजे किसनभाऊ, लाईन टाकली त्या दिवसापासूनची सगळी माणसं त्यात होती. ओळीनं, बापाच्या नावासकट. जे मी पोती उपसून शोधत होते ते तुम्ही माझ्यासमोर बसून चार वेळा म्हणायला घेतलंत आणि चारही वेळा मी पहिल्याच मेलेल्या माणसापाशी तुम्हाला थांबवलं. त्यातच कुठेतरी माझी ट्रॉली ढकलणारे तिघं होते.

मी वहिनींना विचारलं, तुम्हाला येतात का हो नावं? त्या रोज दुपारी डबा घेऊन लाइनीवर जायच्या. म्हणाल्या, "दुरून नावं आयकू नाही येत, बाई. हैस्सा आयकू ये. अन् मधात गप. पहिले हैस्सा लै होते, शेवटी शेवटी गपच लै झालं होतं." किती वेळा गप्प, ते तरी? त्या जरा रागावल्याच. म्हणाल्या, मी काय मोजत उभी राहत होती काय, मले डब्बे वाटाचे राहत. घरात त्यांनी तुम्हाला ते कधी म्हणू दिलं नाही, घरात मेलेल्यांची नावं कशाला. तुमच्या मुलाला हैस्साचीच गंमत वाटायची, नावांकडे त्याचं लक्ष नसे. तुमच्या गँगमधलं आता कुणी नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तरी मी उठवून आणलेल्या वस्तीत जाऊन आले. सोमाचं नाव सांगितलं, हिरूचं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, काही मिळणार आहे का त्यांच्या घरच्यांना? मी नाही म्हटलं. मग त्यानं मला बसायला सांगून पाणी दिलं आणि आपलं काम करायला लागला.

पुण्यात एक प्राध्यापक ओळखीचे आहेत, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अहो, हीच तर खरी गोष्ट, अशी रीत नोंदली गेली हे केवढं मोठं काम. यावर एक लेख लिहा. मी फोन ठेवून दिला. रीत नोंदली गेली म्हणे. माणसं कुठे आहेत? मला ताप आला होता आणि तीन माणसं माझ्यासाठी पळाली होती, त्यांची नावं मला पाहिजे आहेत. रीत नको.

तुम्ही गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात वरचे रूळ उचलायला सुरुवात झाली, हे तुम्हाला कळलं नाही हे एक बरं झालं. भंगाराचा लिलाव झाला. काल मी बघायला निघाले तर शांतावहिनी म्हणाल्या, मले बी न्या. त्यांना चालवत नाही, म्हणून मुलानं गाडी करून दिली. पुलाच्या अलीकडे आम्ही दोघी उतरलो. एक माणूस गॅसकटरनं रूळ कापत होता आणि एक हायड्रा क्रेन ते साखळीनं उचलून ट्रकमध्ये टाकत होती. दोन माणसं आणि एक मशीन. ट्रकमधल्या रेडिओवर सिनेमाची गाणी चालू होती. आठ माणसांच्या जोराचा रूळ ती क्रेन असा उचलत होती की बघवत नव्हतं.

वहिनी बांधावर बसल्या. मी त्यांच्याजवळ उभी. मला काय झालं माहीत नाही, मी तुमच्या चालीत म्हटलं, सोमा वल्द हिरू. मोठ्यानं. कटरवाल्यानं वळून पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली आणि आम्ही दोघींनी श्वास भरून घेतला, बरोबर तुमच्याइतकाच वेळ. त्यानंतर दुसरं नाव यायला पाहिजे होतं. मला येत नव्हतं. मी वहिनींकडे पाहिलं, त्यांनाही येत नव्हतं. 

मग वहिनी बोलल्या. तुमच्याबरोबर इतकी वर्षं संसार करून त्यांनी कधी तुमचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. थे, हे, पोराचा बाप, एवढंच. हिवरखेडच्या दवाखान्यात तुमच्या शेवटच्या दिवशीसुद्धा नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं होतं. त्या बांधावर बसून, पदर तोंडावर न घेता, त्यांनी म्हटलं, "किसन वल्द नथ्थू."

हैस्सा कुणी म्हणायचं नव्हतं. आम्ही दोघींनी श्वास घेतला. तोवर हायड्रानं पुढचा रूळ उचललाही होता.